लाइटरूम ६ मधील जुने प्रीसेट लाइटरूम क्लासिकमध्ये नेताना आलेल्या अडचणी

प्रश्न (इंदूर)
नमस्कार. राजवाड्याजवळ आमचा लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणारा स्टुडिओ आहे. वडिलांनी २०११ पासून लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तयार केलेले प्रीसेट (एका क्लिकवर फोटोला लागणारे सेटिंग्जचे संच) आम्ही आजही वापरतो. त्यांतील एक खास हळदीच्या फोटोंसाठी आहे. तो लावला की पिवळा रंग भडक न होता हळद हळदीसारखीच दिसते आणि महेश्वरी साडीची जरही पांढरी पडत नाही. आता नव्या संगणकावर लाइटरूम क्लासिक घेतले आहे. जुने फोल्डर पेनड्राइव्हवरून आणून इम्पोर्ट केले. परंतु काही प्रीसेट यादीत दिसतच नाहीत, आणि सर्वांत जुने लावले की हायलाइट्स व शॅडोज हे (उजळ व गडद भागांचे) स्लायडर जाऊन त्यांच्या जागी रिकव्हरी आणि फिल लाइट येतात. वडिलांचे काम वाया जाऊ नये, म्हणून मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर (ग्वाल्हेर)
न दिसणारे प्रीसेट बहुधा लपलेले आहेत, नाहीसे झालेले नाहीत. प्रेफरन्सेसमधील प्रीसेट्स या विभागात अंशतः जुळणारे प्रीसेट दाखवण्याचा पर्याय आहे; तिथे खूण नसेल, तर ज्या प्रीसेटमधील कॅमेरा प्रोफाइल (कॅमेऱ्याचे रंग कसे दाखवायचे हे ठरवणारी फाइल) समोरच्या फोटोला लागू होत नाही, तो यादीत येत नाही. आपल्या वडिलांनी स्वतःची प्रोफाइल बनवली असतील, तर जुन्या संगणकावरील कॅमेरा-रॉ (लाइटरूमसोबतचा, कॅमेऱ्याच्या मूळ फाइलींवर प्रक्रिया करणारा भाग) फोल्डरातील कॅमेरा-प्रोफाइल्स हे उपफोल्डरही आणावे लागेल, कारण प्रीसेटमध्ये प्रोफाइलचे केवळ नाव असते. आणखी एक गोष्ट: एप्रिल २०१८ मधील ७.३ आवृत्तीपासून प्रीसेट एलआरटेम्प्लेटऐवजी एक्सएमपी स्वरूपात, कॅमेरा-रॉच्या सेटिंग्ज फोल्डरात ठेवले जातात; म्हणून ते जुन्या जागी शोधू नयेत.

उत्तर (बडोदे)
स्लायडर बदलण्याचे कारण प्रोसेस व्हर्जन, म्हणजे फोटोवरील प्रक्रियेच्या गणिताची आवृत्ती, हे आहे. २०१२ मध्ये लाइटरूम ४ आले, तेव्हा टोनची गणिते बदलली. त्याआधीचा प्रीसेट आपल्यासोबत जुनी प्रोसेस आणतो. प्रीसेटची एलआरटेम्प्लेट फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी: प्रोसेस व्हर्जनपुढे ५.७ असेल तर ती २०१० ची, ६.७ असेल तर २०१२ ची. कॅलिब्रेशन पॅनेलमधून फोटो नव्या प्रोसेसवर नेता येतो, पण फिल लाइटचे शॅडोजमध्ये होणारे रूपांतर अंदाजाचे असते आणि हळदीसारख्या नाजूक रंगात तो फरक लगेच जाणवतो. माझ्या मते घाईने सगळे प्रीसेट एकदम बदलू नयेत. एका फोटोची व्हर्च्युअल कॉपी (फाइल पुन्हा न साठवता केलेली आभासी प्रत) करून मूळ प्रत जुन्या प्रोसेसवर ठेवावी, रेफरन्स व्ह्यूमध्ये (दोन फोटो शेजारी दाखवणाऱ्या दृश्यात) ती डावीकडे लावावी, आणि उजवीकडची प्रत नव्या प्रोसेसवर तिच्याशी जुळवून नव्या नावाने प्रीसेट जतन करावा. जतन करताना व्हाइट बॅलन्सची (उजेडाच्या रंगछटेनुसार केलेल्या जुळणीची) खूण काढावी, कारण प्रत्येक मांडवातील उजेड वेगळा असतो.

प्रश्नकर्ता (इंदूर)
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. खूण केल्यावर सर्व प्रीसेट दिसू लागले, आणि वडिलांची दोन प्रोफाइल जुन्या संगणकावरच राहिली होती, तीही आणली. हळदीचा प्रीसेट वडिलांना शेजारी बसवून जुळवला. शॅडोज कमी करून पिवळ्याचे ल्युमिनन्स (उजळपणा) थोडे उतरवल्यावर त्यांनी होकार दिला. मूळ फाइल तशीच जपून ठेवली आहे.