नाताळच्या सवलतीत बायबल सॉफ्टवेअरचा संच घेतला, जाहिरातीतला कोशच त्यात नाही. पैसे परत कसे मिळवू?

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण कुणी या प्रकारातून गेलं असेल तर सल्ला हवाय.

बायबल अभ्यासाचं एक विकतचं सॉफ्टवेअर मी गेली ९ वर्षं वापरतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. यंदा चर्चमधल्या नाताळच्या संदेशासाठी लूक २:७ घेतलं होतं, म्हणजे येशूच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा नव्हती, ते बायबलमधलं वचन. तिथल्या 'उतारशाळे'साठी मूळ ग्रीक शब्द आहे 'कटाल्युमा'. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूक २२:११ मध्ये हाच शब्द येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट) मात्र, जिथे खरीखुरी धर्मशाळा आहे, तिथे लूकने 'पांडोखेइऑन' हा वेगळाच शब्द वापरलाय. मग बेथलेहेमात जागा नव्हती ती धर्मशाळेत, की घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत? हे नीट तपासायला अलीकडचा ग्रीक कोश हवा होता.

नेमकी त्याच आठवड्यात मेल आली. नाताळनिमित्त ८० टक्के सवलत, आज रात्रीपर्यंतच. वर त्याच कोशाच्या मुखपृष्ठाचं मोठं चित्र, खाली चार संचांचे भाव. मी दुसरा संच घेतला. उतरवून बघतो तर कोश नाही! तो फक्त सगळ्यात महागड्या संचात होता. तसं लिहिलेलं होतं म्हणा, पण 'सर्व तपशील पाहा' दाबल्यावर जो लांबलचक तक्ता उघडतो, त्याच्या पार तळाशी. मला मिळाला थेयरचा कोश, एकोणिसाव्या शतकातला.

८० टक्क्यांचा हिशेबही नंतर कळला. प्रत्येक पुस्तकाची सुटी किंमत लावून बेरीज केलीय आणि तिलाच 'मूळ किंमत' म्हटलंय. त्यात स्ट्राँगची १८९० सालची कॉन्कॉर्डन्स (बायबलमधला शब्द कुठे कुठे येतो त्याची सूची) आहे, मॅथ्यू हेन्रीचं अठराव्या शतकातलं भाष्य आहे. यांचा कॉपीराइट कधीच संपलाय, कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो.

सगळ्यात जास्त लागलं ते पानावरचं घड्याळ. ते शून्यावर जाताना मी घाईघाईने पैसे भरले. दुसऱ्या दिवशी सहज पान उघडलं, तर तीच सवलत, तोच भाव आणि घड्याळात पुन्हा २३ तास ५९ मिनिटं. दुसऱ्या कुठल्या दुकानाने हे केलं असतं तर मी सावध असतो. इथे देवाच्या वचनाचं काम करणारी माणसं आहेत म्हणून शंकाच घेतली नाही, आणि त्याचंच वाईट वाटतंय.

मदत कक्षाचं एका ओळीचं उत्तर आलं: संच उतरवला असेल तर परतावा नाही. बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्यावी का? भीती एवढीच, की त्यांनी खातं बंद केलं तर ९ वर्षांची टिपणं जातील.

प्रतिसाद १

बँकेकडे आज जाऊ नका, आधी टिपणं बाहेर काढा. या सॉफ्टवेअरमधली पुस्तकं आपल्या मालकीची नसतात, नुसता वाचायचा परवाना असतो. खातं गोठलं की सगळंच अडकतं. टिपणं साध्या फाइलमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

मग जाहिरातीची मेल, तो तक्ता आणि दोन्ही दिवसांच्या घड्याळाचे स्क्रीनशॉट एकाच मेलमध्ये पाठवा. घड्याळाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, 'आज रात्रीपर्यंतच' हे खोटं होतं असं तो सरळ दाखवतो. मागणीही नेमकी करा: पूर्ण परतावा द्या, नाहीतर भरलेली रक्कम वळती करून तो कोश द्या. लेखी नकार आला तर तोच बँकेला दाखवा. फक्त हरकतीची मुदत बँकेत आजच विचारून ठेवा.

आणि संदेशासाठी अडून राहू नका. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल मोफत आहे, ग्रीक शब्दावर क्लिक केलं की तो आणखी कुठे येतो ते दिसतं.

धागाकर्ता

खूप आभार. स्टेपमध्ये पाहिलं. कटाल्युमा नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) तीनच ठिकाणी आहे, तिसरं मार्क १४:१४, आणि तिथेही भोजनाचीच खोली. संदेश मार्गी लागला. लूकची टिपणं उतरवून झाली, पण हायलाइट केलेल्या ओळी फाइलमध्ये येत नाहीयेत. त्या कशा काढायच्या, कुणाला माहीत आहे का?