मदत हवी आहे: एक्सएसएलटीने टॅगचं नाव बदलायचंय, नवा टॅग घालायचाय, पण आउटपुट जसंच्या तसं येतंय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची जुन्या सॉफ्टवेअरमधून एक्सएमएलमध्ये काढून घेतली आहे. नव्या सॉफ्टवेअरचा साचा थोडा वेगळा आहे. टॅग मराठीतच आहेत, एक्सएमएलला देवनागरी नावं चालतात. नोंद अशी दिसते (कीवर्ड उच्चाराप्रमाणे लिहिलेत):

<सूची एक्सएमएलएनएस="यूआरएन:ग्रंथसूची">
  <ग्रंथ क्रमांक="४१२">
    <शीर्षक>शेतीची पहिली पायरी</शीर्षक>
    <लेखक भूमिका="संपादन">संपादक मंडळ</लेखक>
  </ग्रंथ>
</सूची>

हवंय ते इतकंच: 'लेखक'चं 'कर्ता' व्हावं आणि 'शीर्षक'च्या लगेच खाली 'भाषा' यावा. काही नोंदींत 'भाषा' आधीपासून आहे, तिथे दुसरा नको.

एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) सगळं जसंच्या तसं कॉपी करणारं आयडेंटिटी टेम्प्लेट (टेम्प्लेट म्हणजे 'अमुक टॅग सापडला की हे लिही' असा नियम) घेतलं, त्याखाली 'लेखक'ला मॅच करणारं दुसरं टेम्प्लेट लिहिलं. एक्सएसएलटीप्रॉक (हे नियम चालवणारा प्रोग्राम) एररही देत नाही आणि बदलही करत नाही. मॅचमध्ये लोकल-नेम (टॅगचं नुसतं नाव पाहणारं फंक्शन) वापरून पाहिलं, तर नाव बदलतं, पण 'कर्ता'ला रिकामं एक्सएमएलएनएस="" चिकटतं आणि नवं सॉफ्टवेअर फाइल परत फेकतं. कुणी सांगेल का?

---
खटपट्या:
एडिटरमध्ये रिप्लेस ऑल मारा की राव. कशाला एवढा घोळ?

---
कंसातला माणूस:
रिप्लेस ऑल नको. उद्या 'लेखक-गाव' नावाचा टॅग निघाला की त्याचंही 'कर्ता-गाव' होईल. शिवाय 'भाषा आधीच आहे का' हे रिप्लेस ऑलला कळणार कसं?

दुखणं नेमस्पेसचं (टॅगचं नाव कुठल्या गटातलं, ते सांगणारी ओळख) आहे. मुळातल्या त्या डिफॉल्ट एक्सएमएलएनएसमुळे तुमचा 'लेखक' नुसता 'लेखक' राहिलेला नाही, तो 'यूआरएन:ग्रंथसूची'मधला लेखक आहे. एक्सपाथ १.० मध्ये (मॅचमध्ये टॅग शोधायची भाषा) प्रीफिक्स, म्हणजे नावाआधी 'ग्र:'सारखा तुकडा, नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. त्यामुळे तुमचं टेम्प्लेट कधी लागतच नाही, आयडेंटिटीच सगळीकडे चालतं. यात चूक अशी काही नाही, म्हणून एररही नाही.

स्टाइलशीटच्या मुळाशी तोच यूआरएन दोनदा जाहीर करा: एकदा 'ग्र' या प्रीफिक्सने, एकदा डिफॉल्ट म्हणून. मॅच 'ग्र:लेखक'वर करा. आउटपुटचा 'कर्ता' मात्र बिनप्रीफिक्सचाच लिहा, तो डिफॉल्ट नेमस्पेस उचलतो आणि ते रिकामं एक्सएमएलएनएस जातं. 'ग्र' आउटपुटमध्ये डोकावू नये म्हणून एक्सक्लूड-रिझल्ट-प्रीफिक्सेसमध्ये टाका.

'कर्ता'च्या आत व्हॅल्यू-ऑफ वापरू नका, नुसता मजकूर येईल आणि 'भूमिका' गळून पडेल. अप्लाय-टेम्प्लेट्स लावा आणि सिलेक्टमध्ये ॲट्रिब्यूट ('भूमिका'सारखे) व नोड (आतला मजकूर, टॅग) दोन्ही मागा.

'भाषा'साठी मॅच: ग्र:शीर्षक[नॉट(../ग्र:भाषा)]. आत आधी शीर्षकाची कॉपी, ती पूर्ण बंद करा, मग 'भाषा' लिहा. कॉपी बंद व्हायच्या आधी लिहिलात तर तो शीर्षकाच्या पोटात जाऊन बसेल. हे दोन टॅग नक्की कुठे बंद होतात, तेवढं डोळ्यात तेल घालून बघा.

---
सॅक्सनप्रेमी:
आयडेंटिटी टेम्प्लेट अजून हाताने लिहिता? एक्सएसएल:मोड, ऑन-नो-मॅच="शॅलो-कॉपी". एका ओळीत काम.

---
कंसातला माणूस:
ते एक्सएसएलटी ३.० मध्ये, म्हणजे २०१७ पासून. एक्सएसएलटीप्रॉकला १९९९ चं १.० च कळतं. सॅक्सन (३.० कळणारा दुसरा प्रोग्राम) टाकायची तयारी असेल तर खुशाल वापरा. २.० पासून एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेसही मिळतं, मग मॅचमध्ये 'ग्र' लावायची गरजच नाही.

---
ग्रंथमित्र:
जरा अवांतर. सगळ्या नोंदींना सरसकट 'मराठी' चिकटवू नका हो. गावच्या वाचनालयात हिंदी-इंग्रजी पुस्तकं असतातच, आणि एकदा चुकीची भाषा पडली की पुढे कुणी तपासत नाही. ग्रंथालयांच्या भाषा-कोडांत 'अनिश्चित' असा स्वतंत्र कोड असतो, नवं सॉफ्टवेअर घेत असेल तर तो घाला.

---
धागाकर्ता:
कंसातला माणूस, खूप आभार! 'कर्ता' आला, 'भूमिका'ही टिकली. 'भाषा'त आता 'अनिश्चित' टाकलंय. फक्त नवा 'भाषा' शीर्षकाच्याच ओळीत चिकटून येतोय. फाइल चालते, पण वाचायला त्रास होतो.

---
कंसातला माणूस:
मूळ फाइलमधल्या मोकळ्या जागाही कॉपी होतात, त्यामुळे नुसतं इंडेंट="येस" (आउटपुट ओळीओळीने मांडायची सूचना) पुरत नाही. वर स्ट्रिप-स्पेस (नुसत्या मोकळ्या जागा काढणारी सूचना) लावा, एलिमेंट्स="*". पण एखाद्या टॅगमध्ये मजकुराच्या मध्येच ठळक-तिरप्या अक्षरांचे टॅग असतील, तर अशा दोन टॅगांमधली एकटी स्पेसही उडेल आणि शब्द एकमेकांना चिकटतील. तेवढ्या टॅगचं नाव प्रिझर्व्ह-स्पेसमध्ये द्या, 'ग्र:' सकट.