मदत हवी आहे: तैलरंगात धुकं खडूसारखं दिसतंय

नमस्कार मंडळी. जलरंगात बरीच वर्षं काढल्यावर यंदा तैलरंग हाती घेतलेत. विषय आवडीचाच: पावसाळी सकाळी लोहगडावरून दिसणारं पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग-तिकोना हे किल्ले आणि त्यामागे एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा.

जलरंगात कागद ओला केला की धुकं आपोआप उतरतं, निम्मं काम पाणीच करतं! इथे मात्र अडलोय. दूरच्या रांगांसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा राखाडी करून त्यात टायटॅनियम व्हाइट घालतो. रंग फिका होतो, पण हवा दिसत नाही; भिंतीला चुना फासल्यासारखं वाटतं. कडा मऊ करायला कोरडा ब्रश फिरवला, तर पुढचा हिरवा मागच्या निळ्यात मिसळून सगळा चिखल.

सगळं ओल्यातच उरकावं, की मागची रांग वाळू देऊन वर पातळ थर चढवावा? दुसरं केलं तर या दमट हवेत थर वाळायला आठवडा जातो, तोवर उत्साहही वाळतो. झिंक व्हाइट हा दुसरा पांढरा जास्त पारदर्शक असतो, धुक्याला बरा म्हणतात. पण पुढे तडे जातात असंही वाचलंय. वरच्या पातळ थरासाठी कोणी वापरलाय का? आणि टर्पेंटाइन-जवस तेलाचं प्रमाण प्रत्येक थराला किती ठेवता?

व्हिडिओ खूप पाहिले, सगळे बर्फाच्या डोंगरांचे. आपला काळा कातळ आणि ओला हिरवा रंगवणाऱ्यांनी कृपया सांगा.