ऐतिहासिक कादंबरी: एकाच गावावर लागोपाठ आपत्ती कोसळतात तेव्हा कथानक कसे बांधावे?

माणकाठ:
माण तालुक्यातील एका काल्पनिक गावावर कादंबरी लिहीत आहे. 1876-78 चा दुष्काळ, 1896 मध्ये मुंबईत आलेला आणि पुढे देशावर पसरलेला प्लेग, 1899-1900 चा दुष्काळ आणि 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ) या सगळ्यांतून हे गाव जाते. पहिला दुष्काळ चांगला उतरला आहे; पुढे मात्र संकट येते, माणसे मरतात आणि उरलेली पेरणीला लागतात, असेच पुन्हा पुन्हा घडू लागले आहे. एखादी आपत्ती गाळावी काय?

शिवार:
गाळू नका. तुमच्या लेखनात दरवेळी ‘गाव’ मरते, म्हणून प्रसंग सारखे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक आपत्तीने निराळ्या माणसाला गाठले. 1876 मध्ये पीकच नाही म्हटल्यावर बलुतेदाराला बलुते कुठून मिळणार? तो आणि भूमिहीन मजूर आधी सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले, आणि तिथेही सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल याच्या हिशेबाने दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे एवढ्यावर मजुरी आली, तेव्हा मुंबई इलाख्यात कित्येकांनी काम सोडले. ज्याच्या घरी धान्य होते तो तगला. आता त्याच घराला प्लेगमध्ये आणा: दुष्काळाच्या धास्तीने वीस वर्षे भरून ठेवलेल्या कणगीखालीच मेलेले उंदीर सापडतात. 1899-1900 मध्ये चारा आणि जनावरे गेली. ते थोडक्यात आटोपले तरी चालेल, फक्त बैल मेल्यावर नांगराला कोण जुंपले गेले ते दाखवा. मानमोडीने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे नेली, तीही रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर, आणि त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता.

गावकूस:
शिवार यांच्याशी सहमत आहे. एक सूचना: गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या ही 1897 च्या पुणे शहराची गोष्ट आहे, त्या उचलून माणमध्ये आणू नका. खेड्यातील माणसे उंदीर पडू लागले की घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. प्लेग गावात आणायचा असेल तर मुंबई सोडून पळालेला गिरणीकामगार पुरे. त्याच्याच मनीऑर्डरीवर घर चालत होते, त्यामुळे त्याला शिवेवर अडवणार कोण? शिवाय साथ गावाबाहेर घालवण्यासाठी काढायचा मरीआईचा, म्हणजे साथीच्या देवीचा, गाडा आहेच. आपल्या शिवेपार नेऊन सोडला की पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा, असा प्रघात होता. शेजारच्या गावात मुलगी दिलेल्या बापाला त्या गाड्याला हात लावावा लागला, तर सबंध प्रकरण उभे राहील.

माणकाठ:
दोघांचेही आभार. कणगीवाले घर मध्यवर्ती ठेवतो आणि गिरणीकामगार त्याच घरातला धाकटा भाऊ करतो. मानमोडीनंतर त्या घरात म्हातारी आणि नातू एवढेच उरतील. अशा वेळी जमीन कसायला कोणाकडे जाईल, भावकीकडे की सावकाराकडे?

शिवार:
आधी भावकीकडे, अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्याने. सावकार गहाणखत घेऊन मागाहून येतोच.