हाफ्निअम झिर्कोनिअमच्या खाली असून मोठा का नाही?

बारावी_सायन्स:
अणुत्रिज्येच्या तक्त्यात अडकलोय. आवर्तात डावीकडून उजवीकडे गेलं की अणू लहान होतो, गणात खाली गेलं की मोठा, एवढं कळलंय. पण चौथ्या गणात टायटॅनिअम १४७ पिकोमीटर, झिर्कोनिअम १६० आणि मग हाफ्निअम १५९! आख्खं एक कवच वाढलं, प्रोटॉन ४० चे ७२ झाले आणि आकार तिथल्या तिथे? आधी छपाईची चूक वाटली पण दुसऱ्या पुस्तकातही तेच. क्लासमध्ये 'लँथनाइड आकुंचन' एवढंच लिहून दिलंय, पण आकसतं काय नेमकं?

खडू_फळा:
चूक नाहीये, आकडे बरोबर आहेत. आधी आवर्ताचं बघ. सोडियम १८६, मॅग्नेशिअम १६०, ॲल्युमिनिअम १४३. दरवेळी केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, नवा इलेक्ट्रॉन मात्र त्याच तिसऱ्या कवचात बसतो आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या फारसे आड येत नाहीत, म्हणून ओढ वाढते नि अणू आवळला जातो. आता लँथनम ओलांडून हाफ्निअमपर्यंत ये, मधे सिरिअम ते ल्युटेशिअम अशी १४ मूलद्रव्यं आहेत. १४ प्रोटॉन वाढले, इलेक्ट्रॉन गेले आतल्या ४एफ या उपकवचात, आणि एफवाले बाहेरच्या इलेक्ट्रॉनपासून केंद्रकाची ओढ झाकायच्या कामात सगळ्यात कच्चे. तीन धनभाराचे आयन घे, लँथनमचा १०३ पिकोमीटर, तिथून थोडा थोडा उतरत ल्युटेशिअमचा ८६. एक कवच वाढून जेवढं मिळायचं तेवढं या १४ घरांत निघून गेलं, हेच लँथनाइड आकुंचन!

धातूकाम:
याच एका पिकोमीटरपायी आमचं काम वाढतं. आकार सारखा, आयनावरचा भार सारखा, म्हणून झिर्कॉन या झिर्कोनिअमच्या खनिजाच्या वाळूत झिर्कोनिअमच्या जागी हाफ्निअम सहज बसतो आणि रसायनाने वेगळा करता करता दमछाक होते. तो इतका बेमालूम लपलेला की १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशीला एक्स-रे वर्णपटात सापडला, नावही त्या शहराच्या लॅटिन नावावरून, हाफ्निया. आणि वेगळा करावाच लागतो, कारण अणुभट्टीत, म्हणजे आपल्या तारापूरलाही, इंधनाच्या नळ्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या असतात. झिर्कोनिअम साखळी प्रक्रियेला लागणारे न्यूट्रॉन जवळजवळ गिळत नाही, हाफ्निअम त्याच्या शेकडो पट गिळतो. वजनाला मात्र फरक लगेच हाताला लागतो, घनता घन सेंटिमीटरला साडेसहा ग्रॅम आणि तेरा ग्रॅम.

बारावी_सायन्स:
आत्ता डोक्यात शिरलं, खूप आभार! मग ॲल्युमिनिअम १४३ आणि त्याखालचा गॅलिअम १३५, तिथे तर एफ नाहीच ना?

खडू_फळा:
तिथे ३डी उपकवच आहे. गॅलिअमच्या आधी स्कँडिअम ते झिंक अशी दहा मूलद्रव्यं येतात, डी पण झाकायला कमीच पडतो, एफपेक्षा बरा इतकंच. आणि एक सांभाळ, आवर्ताच्या टोकाला निऑन, अर्गॉनचा आकडा एकदम मोठा दिसेल, तो व्हॅन डर वाल्स त्रिज्येचा असतो, बंध नसलेल्या अणूंमधल्या अंतरावरून काढलेला. क्लोरिनच्या बंधातल्या अणूंवरून काढलेल्या ९९ शी त्याची तुलना करू नकोस, पेपरात नेमकं तिथेच फसवतात.