स्पॅनिंग ट्री चालू असूनही लूप का लागतो? सिस्को, अरुबा आणि एक स्मार्ट स्विच

प्रश्न

नमस्कार मंडळी. चार मॅनेज्ड स्विचचं छोटं नेटवर्क आहे, जोडलेली उपकरणं नव्वदच्या आसपास. दोन सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्स आणि दोन अरुबा २५३०. जोडणी चौकोनी आहे: सिस्को १ ते सिस्को २, सिस्को १ ते अरुबा १, सिस्को २ ते अरुबा २, आणि अरुबा १ ते अरुबा २. चारही लिंक गिगाबिट ट्रंक (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) १०, २० आणि ३०. शिवाय मीटिंग रूममध्ये तिसऱ्याच कंपनीचा आठ पोर्टचा स्मार्ट स्विच आहे. तो सिस्को २ च्या पोर्ट १४ वर, व्हीलॅन २० मध्ये.

आठवड्यातून एकदोनदा सगळं ठप्प होतं. सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात लुकलुकतात, डीएचसीपीकडून पत्ता मिळत नाही, कन्सोलवर टाइप केलेलं अक्षरसुद्धा उशिरा उमटतं. अर्ध्यापाऊण तासाने काहीही न करता सुरळीत. त्या वेळी सिस्को २ च्या लॉगमध्ये एकाच धाटणीच्या शेकडो ओळी असतात: अमुक मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) व्हीलॅन २० मध्ये पोर्ट १४ आणि पोर्ट २४ यांच्यामध्ये फ्लॅप होतोय, म्हणजे कधी इथे तर कधी तिथे दिसतोय. पोर्ट २४ म्हणजे अरुबा २ कडे जाणारी ट्रंक.

स्पॅनिंग ट्री (जास्तीची वाट ब्लॉक करून लूप तोडणारा प्रोटोकॉल) चारही स्विचवर चालू आहे. सिस्कोवर रॅपिड पीव्हीएसटी (प्रत्येक व्हीलॅनला वेगळं झाड), अरुबावर एमएसटीपी (अनेक व्हीलॅनना मिळून एक झाड). प्रायॉरिटी (रूट, म्हणजे झाडाचं मूळ कोणता स्विच ते ठरवणारा आकडा; लहान तो जिंकतो) कुठेच बदललेली नाही. सिस्कोच्या ट्रंकवरून व्हीलॅन १ सुरक्षेसाठी काढून टाकलाय. ॲक्सेस पोर्टवर (जिथे उपकरणं लागतात) पोर्टफास्ट (न थांबता लगेच फॉरवर्डिंग) आहे आणि बीपीडीयू फिल्टरही (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे स्विच-स्विचमधले निरोप). मग लूप येतो कुठून, आणि स्पॅनिंग ट्री तो तोडत का नाही?

उत्तर १

लूपचा पत्ता तुमच्या लॉगनेच दिलाय. व्हीलॅन २० मधली फ्रेम पोर्ट १४ मधून बाहेर पडते आणि पोर्ट २४ वरून परत येते, किंवा उलट. म्हणजे मीटिंग रूममधून अरुबा २ पर्यंत एक वाट आहे जी तुमच्या आराखड्यात नाही. त्या खोलीतलं दुसरं वॉल जॅक कुठल्या पॅच पॅनेलवरून कुठे जातं ते आधी शोधा. अर्ध्यापाऊण तासाने आपोआप थांबतं याचाही अर्थ लागतो: मीटिंग संपते, कोणीतरी केबल काढतं.

आता स्पॅनिंग ट्री गप्प का बसतं. इथरनेट फ्रेमला टीटीएल (किती टप्प्यांनंतर मरायचं त्याचा आकडा) नसतो, त्यामुळे लूपमध्ये शिरलेली ब्रॉडकास्ट फ्रेम आपणहून कधीच मरत नाही. तिला रोखणारी एकमेव गोष्ट म्हणजे बीपीडीयू. बीपीडीयू फिरून आला तरच स्विचला लूप कळतो. तुम्ही इंटरफेसवर बीपीडीयू फिल्टर लावला असेल तर तो पोर्ट बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेला ऐकतही नाही. त्या पोर्टपुरतं स्पॅनिंग ट्री बंद केल्यासारखंच आहे. ग्लोबल पोर्टफास्ट फिल्टरचं वागणं निराळं असतं. तिथे लिंक वर येताना थोडे बीपीडीयू जातात, आणि एखादा बीपीडीयू आत आला तर फिल्टर स्वतः बाजूला होतो. दोन्हींचं नाव सारखं असल्याने घोटाळा होतो.

पडताळणी अशी करा. सिस्को २ वर ‘शो स्पॅनिंग-ट्री इंटरफेस’ आणि पुढे पोर्ट १४, ‘डिटेल’ असं द्या. शेवटच्या ओळीत पाठवलेले आणि मिळालेले बीपीडीयू मोजलेले दिसतात. दहा सेकंदांनी तीच कमांड पुन्हा द्या. हॅलो टाइम २ सेकंद असतो, म्हणजे पाठवलेल्यांचा आकडा पाचाने वाढायला हवा. जागचा हलला नाही तर फिल्टर इंटरफेसवर आहे.

तो फिल्टर सगळ्या ॲक्सेस पोर्टवरून काढा आणि जागी बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे बीपीडीयू आत येताच पोर्ट बंद पडतो. एर-डिसेबल रिकव्हरी बीपीडीयू गार्डसाठी ३०० सेकंदांवर चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी हाताने पोर्ट उघडावा लागणार नाही.

फिरणाऱ्या फ्रेमचं वादळ चालू असताना मात्र शोधत बसू नका. कन्सोल केबल लावा, पोर्ट १४ शटडाऊन करा, तीस सेकंद थांबा. शांत झालं तर तोच. एका वेळी एकच पोर्ट बंद करा. घाईत चार केबल उपटल्या तर नेमकी कोणती दोषी होती ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

उत्तर २

वरचं बरोबर आहे, पण त्याच लॉगमध्ये अजून एक गोष्ट दडली आहे. ब्लॉक झालेल्या पोर्टवर मॅक पत्ता शिकला जात नाही. फ्लॅपमध्ये पोर्ट २४ येतोय म्हणजे तो फॉरवर्डिंगमध्ये आहे. व्हीलॅन २० चा रूट सिस्को १ असेल तर सिस्को १ आणि २ मधली थेट लिंकच ब्लॉक असणार, आणि दोन सिस्कोमधली सगळी रहदारी दोन्ही अरुबा फिरून जात असणार. तपासा.

याचं मूळ व्हीलॅन १ काढण्यात आहे. रॅपिड पीव्हीएसटी चालवणारा सिस्को ट्रंकवर दोन प्रकारचे बीपीडीयू पाठवतो. व्हीलॅन १ साठी आयईईईच्या प्रमाणित पत्त्यावर, ०१:८०:सी२:००:००:००, आणि प्रत्येक व्हीलॅनसाठी सिस्कोच्या स्वतःच्या पत्त्यावर, ०१:००:०सी:सीसी:सीसी:सीडी. अरुबाच्या एमएसटीपीला फक्त पहिला कळतो. ट्रंकवरून व्हीलॅन १ काढला की पहिला जातच नाही. दुसरा अरुबाच्या लेखी साधा मल्टिकास्ट, तो त्या व्हीलॅनमध्ये जसाच्या तसा पुढे जातो.

परिणाम असा की तुमच्याकडे दोन स्पॅनिंग ट्री आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. अरुबांना वाटतं जगात आपण दोघेच. आणि सिस्को २ ला दोन अरुबा मिळून एक केबल वाटते. सिस्को १ चा बीपीडीयू थेट लिंकवरून येतो तेव्हा खर्च (रूटपर्यंतच्या वाटेचं वजन, गिगाबिट लिंकला ४) ० अधिक ४, आणि अरुबांमधून येतो तेव्हाही ० अधिक ४, कारण वाटेत कोणी त्यात भर घालत नाही. खर्च सारखा, पाठवणारा सारखा, मग निकाल लागतो सिस्को १ च्या पोर्ट आयडीवर. लहान नंबरचा पोर्ट जिंकतो. तो अरुबाकडे जाणारा असेल तर झालंच.

व्हीलॅन १ ट्रंकवर परत आणा. सुरक्षेची काळजी असेल तर त्यात एकही ॲक्सेस पोर्ट ठेवू नका आणि मॅनेजमेंटचा आयपी दुसऱ्या व्हीलॅनवर न्या. पण त्याआधी रूट ठरवा, नाहीतर व्हीलॅन १ जोडल्या क्षणी दोन अरुबांपैकी ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होईल, कारण अरुबाची मूळ प्रायॉरिटी ३२७६८ आणि सिस्कोची व्हीलॅन १ मध्ये ३२७६९. बहुतेकदा तो जुना असतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पाहिलं ते लिहितो.

व्हीलॅन १०, २० आणि ३० चा रूट सिस्को १ आहे, प्रायॉरिटी अनुक्रमे ३२७७८, ३२७८८, ३२७९८. सिस्को १ वर पोर्ट २३ अरुबा १ कडे आणि पोर्ट २४ सिस्को २ कडे जातो. सिस्को २ वर थेट लिंकचा पोर्ट खरोखरच अल्टरनेट, ब्लॉकिंग. अरुबा १ वर रूट म्हणून अरुबा १ स्वतःच दिसतो.

मीटिंग रूममधलं दुसरं जॅक अरुबा २ च्या पोर्ट २२ वर जातं, अनटॅग्ड व्हीलॅन २०. स्मार्ट स्विचमधून दोन्ही जॅकमध्ये केबल लावली की फ्लॅप लगेच सुरू. पोर्ट १४ चा फिल्टर काढून आणि गार्ड लावून पुन्हा करून पाहिलं. पाठवलेले बीपीडीयू आता वाढतात, मिळालेले मात्र शून्य, आणि लूप तसाच. गार्ड हललाही नाही. असं कसं?

उत्तर १

म्हणजे स्मार्ट स्विच बीपीडीयू गिळतोय. ०१:८०:सी२:००:००:०० पासून शेवटी ०एफ पर्यंतचे पत्ते राखीव आहेत आणि प्रमाणानुसार वागणारा ब्रिज ते पुढे पाठवत नाही. स्वतः स्पॅनिंग ट्री चालवणारा स्विच तिथे आपला बीपीडीयू तयार करतो. स्पॅनिंग ट्री नसलेले कित्येक स्वस्त स्विच हे पत्ते साध्या मल्टिकास्टसारखे पुढे ढकलतात, आणि नेमकं तेच सोयीचं ठरतं. सर्वांत वाईट मधला प्रकार: स्पॅनिंग ट्री बंद आणि बीपीडीयूही गिळायचा.

खात्री करायची तर लॅपटॉपवर वायरशार्क उघडा, एसटीपी हा डिस्प्ले फिल्टर टाका आणि आधी थेट पोर्ट १४ च्या जॅकमध्ये लावा. दोन सेकंदांनी एक बीपीडीयू दिसेल. मग तोच लॅपटॉप स्मार्ट स्विचमधून लावा. यादी रिकामी राहिली की निदान पक्कं. ही चाचणी एका वेळी एकाच जॅकवर करा, दोन्ही केबल लावून नको.

उपाय दोन. स्मार्ट स्विचच्या मेनूत स्पॅनिंग ट्री असेल तर आरएसटीपी (त्याचा जलद प्रकार) चालू करा आणि त्याची प्रायॉरिटी ६१४४० ठेवा, म्हणजे तो कधी रूट होणार नाही. मग पोर्ट १४ वरचा बीपीडीयू गार्ड मात्र काढावा लागेल, कारण आता तिथून बीपीडीयू येणारच आणि गार्ड पोर्ट पाडणार. त्याजागी रूट गार्ड लावा, तो त्या बाजूचा स्विच रूट होऊ देत नाही. पोर्टफास्टही काढा.

मेनूत पर्यायच नसेल तर दुसरं जॅक पॅच पॅनेलवरूनच काढून टाका. मी तरी हेच आधी करेन. नको असलेली वाट अस्तित्वातच नसेल तर तिच्यावर पहारा कशाला.

उत्तर ३

दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, वादळ आलंच तर ते आवाक्यात ठेवायची सोय. सिस्कोच्या ॲक्सेस पोर्टवर स्टॉर्म कंट्रोल ब्रॉडकास्ट १ टक्का, आणि ॲक्शन शटडाऊन. गिगाबिटवर १ टक्का म्हणजे १० मेगाबिट. ६४ बाइटच्या फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे १४,८८०. नव्वद उपकरणांच्या रोजच्या एआरपी आणि डीएचसीपीसाठी हे भरपूर झालं. ॲक्शन दिली नाही तर स्विच जास्तीच्या फ्रेम फक्त टाकून देतो, पोर्ट चालूच राहतो आणि दोष लपून बसतो. अरुबावर ‘लूप-प्रोटेक्ट’ ॲक्सेस पोर्टवर लावा, डिसेबल टायमर ३०० सेकंद. स्वतःची दोन तोंडं एकमेकांत खुपसलेला डेस्कवरचा स्विच तो चटकन पकडतो, कारण त्याची चाचणी-फ्रेम बीपीडीयूच्या पत्त्यावर जात नाही. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्विचमधून फिरून ट्रंकवर येणाऱ्या तुमच्यासारख्या लूपसाठी त्याच्यावर विसंबू नका.

दुसरी, व्हीलॅन १ परत आणणं हा तात्पुरता इलाज म्हणून ठीक. कायमचं म्हणून मी चारही स्विच एमएसटीवर (अरुबाचा एमएसटीपी तोच) नेईन. तीन व्हीलॅन आणि चार स्विचला व्हीलॅनगणिक झाड लागत नाही. सगळे व्हीलॅन इन्स्टन्स ० मध्येच (इन्स्टन्स म्हणजे एमएसटीतलं एक झाड) राहू द्या, वेगळी इन्स्टन्स बनवू नका. तरी रीजनचं (एकच मांडणी असलेल्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन आणि मॅपिंग चारही ठिकाणी एकसारखं लिहा. नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. अरुबावर नाव दिलं नाही तर तो स्वतःचा मॅक पत्ताच नाव म्हणून वापरतो, म्हणजे प्रत्येक स्विच वेगळी रीजन.

क्रम महत्त्वाचा. मध्ये काही सेकंद खंड पडेल, त्यामुळे कोणी काम करत नसताना करा.

आधी रॅपिड पीव्हीएसटीवर असतानाच सिस्को १ ची प्रायॉरिटी व्हीलॅन १, १०, २०, ३० साठी ४०९६ करा आणि सिस्को २ ची ८१९२. दोन्ही सिस्कोवर ‘स्पॅनिंग-ट्री पाथकॉस्ट मेथड लाँग’ द्या. नाहीतर सिस्को गिगाबिटला ४ मोजतो आणि अरुबा २०,०००, आणि झाड वाकडं होतं. अरुबावर प्रायॉरिटी ३२७६८ आहे तशीच असू द्या. बदलायची झाली तर तिथे ४०९६ च्या पटीचा आकडा द्यावा लागतो, ० ते १५. म्हणजे ८ लिहिलं की ३२७६८.

मग व्हीलॅन १ ट्रंकवर आणा आणि थांबून बघा. अरुबा १ आणि २ या दोघांनाही रूट म्हणून सिस्को १ चा मॅक पत्ता दिसला पाहिजे. अरुबा २ चा रूट पोर्ट सिस्को २ कडे, आणि अरुबा २ वरचा अरुबा १ कडचा पोर्ट ब्लॉक. सिस्कोंमधली थेट लिंक दोन्ही टोकांना फॉरवर्डिंग. असं दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

त्यानंतर सिस्को १ वर आधी एमएसटीची प्रायॉरिटी ४०९६ लिहा, मगच मोड एमएसटी. मग सिस्को २. रूट एमएसटीच्या बाजूला असणं गरजेचं आहे. एमएसटीच्या सीमेवरच्या पोर्टवर पीव्हीएसटीकडून वरचढ बीपीडीयू आला तर सिस्को तो पोर्ट पीव्हीएसटी सिम्युलेशन विसंगत म्हणून ब्लॉक करतो, आणि मग दोन सिस्कोंमधली लिंक का पडली ते शोधण्यात रात्र जाते.

उत्तर २

उत्तर ३ शी सहमत, एमएसटीवरच जा. एकच सांगतो: तिथे गेल्यावरही व्हीलॅन ट्रंकवरून छाटताना जपा. इन्स्टन्स ० एखादा पोर्ट ब्लॉक करतो तेव्हा सगळ्या व्हीलॅनसाठी करतो. व्हीलॅन ३० फक्त अरुबा १ ते अरुबा २ याच लिंकवर ठेवला असेल, तर ती लिंक ब्लॉक होताच व्हीलॅन ३० दोन तुकड्यांत तुटेल आणि स्पॅनिंग ट्रीच्या दृष्टीने सगळं आलबेल दिसेल. चारही ट्रंकवर तिन्ही व्हीलॅन सारखेच ठेवा.

प्रश्नकर्ता

अरुबा २ चा पोर्ट २२ पॅच पॅनेलवरून काढला. स्मार्ट स्विचच्या मेनूत स्पॅनिंग ट्रीचा पर्याय नाही, त्यामुळे पोर्ट १४ वर बीपीडीयू गार्ड आणि स्टॉर्म कंट्रोल दोन्ही ठेवले. प्रायॉरिटी आणि पाथकॉस्ट बदलून व्हीलॅन १ ट्रंकवर आणला. दोन्ही अरुबांना आता रूट सिस्को १ दिसतो, ब्लॉक झालेला पोर्ट अरुबा २ वर आहे आणि सिस्कोंमधली थेट लिंक फॉरवर्डिंगमध्ये आली. टोपॉलॉजी चेंजचा (झाड बदलल्याचा) आकडा तेव्हापासून स्थिर आहे. एमएसटीचा टप्पा कामाचे तास संपल्यावर घेतो.