रात्री उपाशी राहूनही सकाळी साखर वाढलेली का दिसते?

दापोलीकर

माझे वडील ६८ वर्षांचे असून गेली ९ वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत आहेत. परवा झोपताना त्यांची साखर १३८ होती आणि पहाटे, मध्ये पाण्याखेरीज पोटात काहीही गेलेले नसताना, ती १७२ भरली. असे वारंवार होऊ लागल्यामुळे त्यांनी रात्रीचा भात आणि माशांचे कालवण सोडले असून आता ते केवळ सोलकढी पिऊन निजतात, तरीही सकाळचा आकडा उतरत नाही. ते चोरून काही खात असावेत अशी शंका घरात बोलून दाखवली गेली आणि ती त्यांच्या मनाला फार लागली. जी साखर खाल्लीच नाही, ती रक्तात येते कोठून?

रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक

वडिलांवर संशय घेऊ नका, ही माझी पहिली विनंती. ती साखर त्यांच्या यकृताने रक्तात सोडलेली आहे.

जेवणानंतर आतड्यांतून शोषलेली साखर आधी यकृतात येते आणि इन्सुलिनच्या प्रभावाखाली तिचा काही भाग तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साठवला जातो. आगोटीला आपण तांदूळ आणि सुकी मासळी भरून ठेवतो, तशीच ही बेगमी असते. प्रौढ माणसाच्या यकृतात ती साधारण १०० ग्रॅमच्या आसपास भरते. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम साखर असते आणि एकट्या मेंदूला दिवसाला १०० ग्रॅमहून अधिक लागते, त्यामुळे आपण झोपेत असताना यकृताला हा साठा थोडा थोडा सोडत राहावेच लागते. साठा आटत आला की ते अमिनो आम्ले, लॅक्टेट आणि ग्लिसरॉल यांपासून नवी साखर घडवते. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, किंबहुना यकृतापेक्षा जास्त असते, परंतु त्यातील साखर रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर स्नायूंकडे नसल्याने ती त्यांच्याच कामी येते.

क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये प्राण्याचे यकृत पाण्याने धुऊन त्यातील साखर पूर्ण काढून टाकली, आणि तेच यकृत दुसऱ्या दिवशी तपासले तेव्हा त्यात पुन्हा साखर आढळली. वर्गात हा प्रयोग सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होत असे.

आता वडिलांविषयी. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृत अधिक साखर सोडते. निरोगी शरीरात इन्सुलिन त्याला वेळीच आवरते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा यकृत त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः यकृताच्या याच साखरनिर्मितीला लगाम घालते.

मालवणची परिचारिका

गुरुजींनी कारण नेमके सांगितले आहे. मला काळजी वाटते ती रात्रीच्या उपवासाची. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि पोट रिकामे असेल, तर ती मध्यरात्री धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास ताबडतोब साखर तपासावी, आणि ती ७० च्या खाली असल्यास, माणूस शुद्धीवर असेल तरच, साखरपाणी द्यावे. उपाशीपोटी मद्य घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण मद्याचा निचरा करताना यकृताची नवी साखर घडवण्याची क्रिया मंदावते.

दोन-तीन रात्री ३ वाजता साखर मोजून आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. यकृतात चरबी साठली आहे का, हेही त्यांना विचारा, कारण असे यकृत इन्सुलिनला कमी दाद देते. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने आणि अल्ब्युमिन तेथेच तयार होतात, विषारी अमोनियाचे युरियात रूपांतरही तेच करते. म्हणून ही तपासणी केवळ साखरेपुरती समजू नये.

दापोलीकर

दोघांचा मनापासून ऋणी आहे. काल रात्री ३ वाजता साखर १४६ होती आणि ६ वाजता १६९. आपली उत्तरे मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग आईने त्यांची क्षमा मागितली. गोळ्यांची नावे व आकडे घेऊन आम्ही सोमवारी डॉक्टरांकडे जात आहोत. तोवर रात्री थोडा भात आणि बांगड्याचे कालवण त्यांच्या ताटात पुन्हा वाढले जाईल.